बांधीत पडलेला टॅब

केवळरामची जीभ नागपूरच्या दवाखान्यात काढली, त्यानंतरचा हा दुसरा पावसाळा. पहिला त्याने खाटेवर काढला होता आणि शेती दुसऱ्याला बटईने दिली होती. यंदा मात्र आकाश भरून यायला लागलं तशी त्याने घरामागच्या सांदवाडीतून नांगर ओढून बाहेर काढला, फाळ ठोकून आणला आणि चुलीशी बसलेल्या कुसुमबाईसमोर उभं राहून टॅबवरचं बैलांचं चित्र दाबलं.

"हो रे चांद्या, हिर्र... हिर्र... चाल माह्या बापा."

कुसुमबाईला हसू आलं. त्याला काय म्हणायचं ते तिला कळलं.

टॅब पाटीएवढा. दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक तरुण मॅडम होती, तिने कुठल्याशा संस्थेकडून तो मिळवून दिला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती केवळरामच्या खाटेशी येऊन बसली आणि म्हणाली, काका, उद्यापासून जे जे लागेल ते आज बोलून ठेवा. तोंडात खर्र्याच्या तंबाखूने झालेला कॅन्सरचा मोठा फोड होता, गाल फुगलेला होता. आवाज जाडसर उमटला, पण त्याचाच उमटला. पानी. पेज दे. बाहेर जाऊन येतो. दिवा मालव. कुसुमबाईच्या फोटोखाली त्याने म्हटलं, "कुसुम, इकडे ये वो." मॅडमने विचारलं, अजून काही? तेव्हा त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि बैलांना हाक मारावी तसा मोठ्याने ओरडला. वॉर्डातले सगळे माना वळवून पाहायला लागले. मॅडमने तेही ठेवून घेतलं आणि त्यावर बैलजोडीचं चित्र लावलं.

केवळराम चौथी शिकलेला, लिहू शकत होता. पण कुसुमबाईला अक्षर येत नव्हतं. टॅब वापरायची सवय होण्याआधी तो कागदावर लिहायचा आणि ती कागद घेऊन शेजारच्या अल्काकडे धावायची. परत येईपर्यंत त्याला जे पाहिजे ते नको झालेलं असायचं. एकदा त्याने लिहिलेलं अल्काने मोठ्याने वाचलंच नाही, ती लाजली. कागदाची घडी केली आणि म्हणाली, हे तुमचं तुमीच पाहा काकू. त्यानंतर कुसुमबाई कागद घेऊन गेली नाही. टॅबची सवय झाल्यावर घरात पुन्हा त्याचा आवाज फिरायला लागला. घरापुढच्या सपरीतून हाक आली की ती पदर खोचत उठायची, जशी वीस-पंचवीस वर्षं उठत आली होती तशी.

साजाटोला गावात बाकी सगळ्यांची धानाची चिखलणी ट्रॅक्टरने उरकत होती. केवळरामच्या नाल्याकाठच्या बांध्या मात्र खोलगट. ट्रॅक्टरवाल्या दुलीचंद पटलेने ट्रॅक्टर बांधीच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत आणला, चाक टेकवून पाहिलं आणि मागे घेतला. फसला तर काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागेल, म्हणाला. इकडे धानाचे पऱ्हे, रोवायची रोपं, वीतभराच्या वर गेले होते. फार दिवस राहिले तर त्यांना गाठी धरतात, मग रोवले तरी फुटवा येत नाही. आठवडाभर झड लागलेली, सूर्य दिसत नव्हता, आणि गावात नांगर धरणारा माणूस उरला नव्हता.

म्हणून केवळरामने स्वतः नांगर धरला. दोन्ही हात रुमण्यावर आणि कासऱ्यावर, कोपरापर्यंत चिखल, त्यामुळे टॅब कुसुमबाईकडे. खताच्या पोत्याच्या आतलं मेणकापड तिने टॅबला गुंडाळलं, डोक्यावरून ताडपत्रीचा तुकडा घेतला आणि ती धुऱ्यावरून त्याच्या बरोबरीने चालायला लागली. बैल सरळ जायचे, त्यात काही नव्हतं. पण बांधीच्या कोपऱ्यावर वळायचं आलं की ते थांबायचे आणि कान मागे करायचे. त्यांना लहानपणापासून केवळरामने तोंडाने हाकललं होतं. जीभ नसली की साधं टकटकही करता येत नाही. घशातून नुसता घोगरा हुंकार निघतो. तो ऐकून चांद्या बिचकायचा.

कोपरा आला की केवळराम मान उचलायचा. कुसुमबाई मेणकापडावरूनच बोट दाबायची. कधी चित्र लागायचं, कधी लागायचं नाही, मग ती कापड थोडं सरकवून बोट आत घालायची. "हो रे चांद्या, हिर्र..." आवाज पावसातून जायचा आणि बैल वळायचे. पहिल्यांदा वळले तेव्हा चांद्याच्या जोडीच्या लाल्याने मान फिरवून धुऱ्याकडे पाहिलं, मालक तिकडे कसा म्हणून. केवळरामच्या खांद्यावर लाळ पुसायचा कपडा होता, त्याने तोंड पुसलं आणि तो डोळ्यांनी हसला. दुपारपर्यंत एक बांधी झाली.

दुसऱ्या बांधीच्या धुऱ्याला उंदरांनी पोखरलं होतं. कुसुमबाईचं लक्ष बैलांकडे आणि बोट कापडाच्या आत. पायाखालची माती खचली आणि ती आडवी बांधीत पडली. नांगरलेल्या चिखलावर गुडघाभर पाणी होतं. नाकातोंडात पाणी गेलं. उठायला हात टेकले तेव्हा हातात काही नव्हतं.

केवळराम नांगर सोडून धावत आला. चिखलात धावणं म्हणजे एकेक पाय उपटून काढणं. तो तिच्या अंगावरूनच पुढे गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी पाणी चाचपायला लागला. मेणकापड हाताला लागलं, ते रिकामं होतं. मग टॅब लागला. तो त्याने बनियनला पुसला, बनियन ओलंच होतं, मग तोंडाच्या कपड्याने पुसला. त्यानंतर त्याला कुसुमबाई दिसली आणि त्याने तिला हात दिला. तिला त्याचा राग आला नाही. आपणही तेच केलं असतं, असं तिला वाटलं.

टॅब चालू होता. काचेच्या एका कोपऱ्यात आतून ओल चढल्यासारखा डाग दिसत होता, एवढंच. केवळरामने बैलांचं चित्र दाबलं. आवाज निघाला, पण पाण्यात बुडाल्यासारखा. त्याने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाला, विवेकला, घरून फोन लावला तेव्हा तो पहिल्यांदा हेच म्हणाला की लगेच बंद करायला पाहिजे होता, चालू करून पाहायचा नव्हता, चार्जिंगला तर मुळीच लावायचा नाही. तोपर्यंत तो लावून झालेला होता. कुसुमबाईने तार उपटली. काय करायचं, असं तिने विचारलं तेव्हा विवेक म्हणाला, उन्हात ठेवा. मग त्याच्याच लक्षात आलं की तिकडे आठवडाभर ऊनच नाही.

अल्काने सांगितलं तांदळात ठेवा, तांदूळ पाणी ओढते. तांदूळ घरात होता. कोपऱ्यातली बांबूची ढोली अर्धी भरलेली होती. कुसुमबाईने टॅब कोरड्या लुगड्याच्या तुकड्यात न गुंडाळता तसाच तांदळात पुरला आणि वरून हाताने तांदूळ सारखा केला.

दिवेलागणीला ती पेज ढवळत होती. मागून आवाज आला, "पानी."

तिने लोटा भरला आणि सपरीत नेला. केवळराम सुंभ वळत बसला होता. त्याने लोट्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याला पाणी नको होतं. त्याच वेळी आतून पुन्हा आलं, "पानी." दोघंही दाराकडे पाहायला लागले. "पेज दे," ढोली म्हणाली. "बाहेर जाऊन येतो. पानी. कुसुम, इकडे ये वो."

कुसुमबाईने कोपरापर्यंत हात तांदळात घालून टॅब बाहेर काढला. काचेवर उभ्या हिरव्या रेघा आल्या होत्या, डाग अर्ध्यापर्यंत पसरला होता, आणि चित्रं आपोआप दाबली जात होती, एकामागून एक, कोणी घाईने बोटं आपटावी तशी. एक शब्द पुरा व्हायच्या आत दुसरा सुरू. केवळरामने टॅब हातात घेतला आणि एकेका चित्रावर बोट ठेवून पाहिलं. त्याच्या बोटाचं तो काहीच ऐकत नव्हता. बंद करायला गेला तर बंद करायची जागाही दिसेना.

"हो रे चांद्या, हिर्र..."

गोठ्यात बैल उठून उभे राहिल्याचा आवाज आला. गळ्यातल्या घंटा वाजल्या. केवळरामने टॅब छातीशी धरला, वरून घोंगडी घेतली, तरी आवाज येतच राहिला. शेवटी त्याने तो खाटेवर ठेवला आणि तो उठून गोठ्यात गेला.

कुसुमबाई चुलीशी येऊन बसली. घरात नवऱ्याचा आवाज तिला हाक मारत होता आणि नवरा गोठ्यात होता. हे तिला कळत होतं. तरी "कुसुम, इकडे ये वो" आलं की तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे. ती अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची. पेज खाली लागली. बॅटरी उतरत गेली तसा आवाज अडखळायला लागला आणि एका शब्दाच्या मधेच थांबला. केवळराम गोठ्यातून आला तेव्हा त्याने खाटेकडे पाहिलं नाही. जळका वास येत असलेली पेज त्याने नळीच्या भांड्याने हळूहळू घशात सोडली.

दुसऱ्या दिवशी उरलेली बांधी करायचीच होती. केवळरामने बाभळीची काठी तोडली आणि तिच्या टोकाला खिळा ठोकला. अशी टोचायची तुतारी त्याने कधी वापरली नव्हती. कोपऱ्यावर बैल थांबले आणि कान मागे करून उभे राहिले. त्याने हुंकार केला. कासरा ओढला. पाऊस अंगावरून वाहत होता. मग त्याने तुतारी टोचली. लाल्या असा उसळला की जू एका बाजूला गेलं. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तसंच. कुसुमबाई धुऱ्यावर रिकाम्या हातांनी उभी होती. एकदा तिने स्वतःच ओरडून पाहिलं, "हो रे चांद्या." बैलांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिने तोंड फिरवलं आणि ती पऱ्हे उपटायला गेली. संध्याकाळी ती हळद-तेल घेऊन गोठ्यात गेली, तर तिथे केवळराम आधीच लाल्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून उभा होता. लाल्या त्याच्या हाताखालून बाजूला सरकला.

आमगावच्या दुकानदाराने टॅब उलटा करून पाहिला आणि गोंदियाला न्या म्हणाला. ती दोघं तिथूनच रेल्वेने गेली. डब्यात गर्दी होती. केवळरामचा कापून जोडलेला जबडा पाहून समोरच्या बाईने लेकराचं तोंड आपल्याकडे वळवलं. केवळरामने कपडा तोंडावर धरला आणि गोंदिया येईपर्यंत काढला नाही.

दुकानात भुपेंद्र नावाचा माणूस होता. हिंदी बोलायचा. काय झालं, असं त्याने केवळरामलाच विचारलं. केवळरामने घशातून आवाज काढला. भुपेंद्रला वाटलं याला ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडून बोलायला लागला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं पाहायला लागली. कुसुमबाई म्हणाली, "त्याईले आयकू येते जी. बोलता येत नाई."

भुपेंद्रने टॅब उघडला. आत हिरवट गंज धरला होता. चार्जिंगच्या खाचेतून त्याने टाचणीने तांदळाचा बारीक कोंडा उकरून काढला. चावल में डाला था क्या, त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाला की सगळेच टाकतात, उपयोग काही होत नाही. त्याने ब्रशने काहीतरी लावलं, दिवा जवळ ओढला, दुसरी काच तात्पुरती जोडली. टॅब उजळला. कंपनीचं नाव आलं. मग अंधार झाला आणि पुन्हा नाव आलं. असं होतच राहिलं.

"काका, डिस्प्ले बदल देंगे," तो म्हणाला. "लेकिन पानी अंदर तक गया है. पूरा साफ करके नया सॉफ्टवेअर डालना पड़ेगा. फिर चलेगा."

"आवाज राहीन का?" कुसुमबाईने विचारलं.

"कौन सा आवाज?"

तिने सांगितलं. मधेच तिला शब्द सापडेनात, मग तिने केवळरामच्या गळ्याकडे बोट केलं. भुपेंद्रने हातातला पेचकस खाली ठेवला. त्याने पुन्हा एकदा सगळं सोडवून जोडून पाहिलं. दुसऱ्या एका माणसाला फोन लावला. कॉपी कुठे ठेवली आहे का, म्हणून विचारलं. तिने विवेकला फोन लावून दिला. विवेकने दवाखान्यात विचारलं होतं. मॅडम नोकरी सोडून गेली होती, आता जी होती तिला काही ठाऊक नव्हतं, जुन्या कॉम्प्युटरमध्ये काही सापडलं नाही. तो स्वतः दिवाळीला आला होता तेव्हा आवाज आपल्या मोबाईलमध्ये घेणार होता. मग बसची वेळ झाली. हे सगळं तो भुपेंद्रला हिंदीत सांगत होता.

"नागपूर ले जाके देखो," भुपेंद्र म्हणाला. "पर मैं झूठ नहीं बोलूँगा. निकलना मुश्किल है."

केवळरामने काउंटरवरचं पेन घेतलं. पडलेल्या एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने काहीतरी लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि पुठ्ठा कुसुमबाईकडे न देता सरळ भुपेंद्रकडे सरकवला. भुपेंद्रने अडखळत वाचलं.

"साफ करा. बोलाले पायजे."

नवऱ्याचा निर्णय कुसुमबाईला असा परक्या माणसाच्या तोंडून कळला. तिने केवळरामकडे पाहिलं. ऑपरेशनपासून त्याच्या चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर काही दिसत नसे, आणि डोळे त्याने मिटून घेतले होते.

विवेक सुट्टी काढून आला तेव्हा टॅब दुरुस्त होऊन आलेला होता. काच नवी, चकचकीत. विवेकने तेच ॲप पुन्हा टाकलं, चित्रं लावली. आधी त्याने आतलाच एक तयार आवाज लावून पाहिला. तो कुठल्या तरी शहरी बाईचा होता आणि "कृपया मला पाणी द्या" असं म्हणायचा. विवेकने तो लगेच काढून टाकला. मग म्हणाला, बाबा, मी बोलून देतो. पुण्याला राहून त्याचं बोलणं बदललं होतं. "मला पाणी पाहिजे," तो टॅबमध्ये म्हणाला. केवळरामने ऐकलं. रागावला नाही. टॅब हळूच बाजूला सरकवला आणि कुसुमबाईकडे बोट केलं.

"मी कायले?" ती म्हणाली. "मले नाई जमत बाप्पा."

पण दुसरं कोणी नव्हतं. विवेकने टॅब तिच्या तोंडापुढे धरला. पहिल्यांदा ती नुसती पुटपुटली. नंतर ती इतक्या मोठ्याने बोलली की गोठ्यात बैलांनी हालचाल केली. पानी. पेज दे. बाहेर जाऊन येतो, हे ती "येते" म्हणाली आणि विवेकने पुन्हा म्हणायला लावलं. येतो. केवळराम भिंतीला टेकून ऐकत होता. तिच्या फोटोपाशी आले तेव्हा विवेक थांबला.

"आई, इथं काय म्हणशील?"

तिने विवेकच्या हातातला टॅब खाली केला. "राहू दे ते," ती म्हणाली. "खाट वाजवतीन. मी येईन." विवेकने फोटो काढून टाकला. बैलांचं चित्रही कोणी पुन्हा लावलं नाही. त्याच्याऐवजी विवेक म्हणाला, तपासणीला जातो तेव्हा लागेल, एक दुखण्याचं ठेवू. "दुखते," कुसुमबाई म्हणाली. बरोबर आलं का, म्हणून तिने विचारलं. आलं, विवेक म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

रोवणी सुरू व्हायला उशीर झाला, पण झाली. पऱ्हे पिवळे पडले होते, मुळांशी गाठी धरल्या होत्या. गावातल्या प्रेमिलाने रोवणीच्या बायकांचा गट आणला. बायका ओळीने वाकल्या आणि मागे मागे सरत रोवायला लागल्या. कुसुमबाई त्यांच्यात होती. कंबर भरून आली की ती गुडघ्यावर हात ठेवून थांबायची. झड उघडली नव्हती, पाठीवर मेणकापड, मेणकापडावर पावसाचा आवाज. केवळराम धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या टाकत होता. टॅब त्याच्या गळ्यात होता, विवेकने आणलेल्या जाड पिशवीत.

"पानी," धुऱ्यावरून कुसुमबाईचा आवाज आला.

ओळीत वाकलेल्या बायका चमकल्या. एकीने कुसुमबाईकडे पाहिलं, एकीने धुऱ्याकडे. मग प्रेमिला हसली. "वा वो कुसुमबाई. तू इथीही आहेस अन् तिथीही आहेस." सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. कुसुमबाईही थोडं हसली. धुऱ्यावर जाऊन तिने त्याला पाणी दिलं. त्याने मान मागे टाकली आणि पाणी घशात ओतलं, निम्मं गळ्यावरून गेलं. ती परत येऊन ओळीत शिरली.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "दुखते."

या वेळी कोणी हसलं नाही. कुसुमबाई सरळ झाली. हातात पऱ्ह्यांची मूठ तशीच होती, मुळांतून चिखलाचं पाणी तिच्या मनगटावरून गळत होतं.

"काय दुखते जी?" तिने ओरडून विचारलं. "कोठी?"

केवळराम धुऱ्यावर बसला होता. त्याने हात उचलला. तिला वाटलं गळ्याला लावेल, नाहीतर जबड्याला. हात कुठेच गेला नाही. तो बांधीकडे, पिवळ्या पऱ्ह्यांकडे पाहत होता, की तिच्याकडे, ते पावसातून तिला दिसेना. त्याने पुन्हा पिशवीत बोट घातलं.

"दुखते," तिचा आवाज म्हणाला.

ती उभी राहिली. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात होते. दोन्ही बाजूंच्या बायका वाकून रोवत मागे सरकत होत्या, आणि ओळ तिला सोडून दूर चालली होती.